टीव्ही आणि मूल: तास मोजण्याआधी करायची कामं

‘मुलाला रोज किती वेळ टीव्ही दाखवला तर चालतो?’ पालकसभेत हा प्रश्न हटकून येतो. उत्तरही तयार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचना सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दुसऱ्या वर्षातही नकोच आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १ तास. त्याहून कमी असेल तर उत्तमच. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, म्हणजे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स, हिनेही २०२१ मध्ये जवळपास हेच सांगितलं. २ वर्षांपर्यंत स्क्रीन नाही (दूरच्या आजी-आजोबांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल), २ ते ५ वर्षांना १ तास, ५ ते १० वर्षांना २ तासांच्या आत. हे तास टीव्ही, मोबाइल, टॅब सगळं मिळून आहेत.

हे आकडे फ्रिजवर चिकटवून मात्र फरक पडत नाही. बहुतेक घरांत टीव्ही मुलासाठी लावलेलाच नसतो. बातम्या बाबांच्या, मालिका आजीची, मॅच काकाची. मूल त्याच खोलीत असतं म्हणून तेही बघतं. यातून मुलाचा ‘१ तास’ वेगळा कसा काढणार? म्हणून तासांचा हिशेब मी सहाव्या पायरीवर ठेवला आहे. आधीच्या पाच पायऱ्या मोठ्यांनी चढायच्या आहेत. क्रम शक्यतो बदलू नका. पहिल्याच दिवशी मुलाच्या हातून रिमोट काढून घेणाऱ्या घरात आठवड्याभरात सगळं पूर्वपदावर येतं.

त्याआधी दोन गावांबद्दल

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका गावात १९७३ पर्यंत टीव्हीचं प्रक्षेपण पोचत नव्हतं. संशोधकांनी त्या गावाला ‘नोटेल’ असं टोपणनाव दिलं आणि टीव्ही येण्याआधी व आल्यावर दोन वर्षांनी तिथल्या मुलांच्या चाचण्या घेतल्या. सर्जनशीलतेच्या चाचणीत पुढे असणारी ही मुलं टीव्ही असलेल्या इतर गावांतल्या मुलांच्या पातळीवर उतरली. शाळेच्या मैदानावर ढकलाढकली, मारामारी वाढली. आता दुसरं टोक बघा. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये उपग्रहामार्फत टीव्ही आला. तिथेही मुलांच्या वागण्याची आधी आणि नंतर नोंद केली होती, पण वागणं बिघडल्याचं आढळलं नाही. बेट लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे, आणि कुठल्याही मुलावर कुणा ना कुणा मोठ्या माणसाची नजर असायचीच.

दोन्ही निष्कर्ष खरे मानायला मला अडचण वाटत नाही. टीव्ही काय करतो हे पुष्कळसं त्याने घरातली कोणती जागा बळकावली यावर ठरतं. गप्पा गेल्या का? मैदानावरचा खेळ गेला, झोप गेली, की जेवताना एकमेकांकडे बघणं गेलं? जे गेलं ते परत आणायचं, हाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू.

पायरी १: चार दिवस नोंद ठेवा

तीन कामाचे दिवस आणि एक रविवार घ्या. वहीत चार रकाने आखा: टीव्ही कधी लागला, कुणी लावला, खरोखर कोण बघत होतं, मूल काय करत होतं. मुलाला सांगायची गरज नाही आणि या चार दिवसांत काही सुधारायलाही जाऊ नका. एखाद्या साध्या घरातलं पान साधारण असं निघेल:

सकाळी ७.१० ते ८.३०. बातम्या. बाबांनी लावल्या, मग ते आंघोळीला गेले. बघत कोणीच नव्हतं. मूल तोंडात ब्रश धरून पडद्यासमोर उभं.

दुपारी १.०० ते १.४०. कार्टून. आईने लावलं. मूल बघत होतं, आई भरवत होती.

संध्याकाळी ६.४५ ते १०.१५. मालिका, मधे मॅच. आजीने लावल्या. आजी बघत होती, मूल गाड्या घेऊन समोर बसलेलं. जेवणही इथेच. झोपलं सोफ्यावरच.

बेरीज बरोबर साडेपाच तास झाली. यातला ‘मुलाचा’ म्हणता येईल असा टीव्ही फक्त चाळीस मिनिटांचा आहे आणि घरात भांडण नेमकं त्या चाळीस मिनिटांवरून होतं. आपल्या घरचं पान वेगळं असेल, पण तिसऱ्या रकान्यात ‘कोणीच नाही’ किती वेळा येतं ते जरूर मोजा.

पायरी २: कोणी बघत नसलेला टीव्ही बंद करा

सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच. यात कुणाचंच काही हिरावलं जात नाही, त्यामुळे विरोधही फारसा होत नाही.

‘नुसता चालू असतो, त्याचं लक्षही नसतं’ असं आपण म्हणतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १ ते ३ वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन एका खोलीत बसवलं. अर्धा तास टीव्ही बंद होता आणि अर्धा तास मोठ्यांचा एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू होता. मुलांना त्यात रस असायचं कारणच नव्हतं, आणि ती पडद्याकडे पुरती बघतही नव्हती. अधूनमधून एखादा कटाक्ष, तोही दोन-चार सेकंदांचा. तरी टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळण्यावर ती कमी वेळ रमली. २००८ सालचा हा अभ्यास. मूल ठोकळ्यांचा बंगला बांधता बांधता जाहिरातीच्या आवाजाला मान वर करतं आणि परत खाली बघतं तेव्हा बंगला सोडून गाडी हातात घेतं, हे घरीही पाच मिनिटं शांत बसून पाहिलं तर दिसतं.

दुसरा परिणाम मोठ्यांवर होतो. २००९ च्या एका अभ्यासात लहान मुलांच्या कपड्यांत छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवून घरातलं बोलणं मोजलं. टीव्हीचा आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी भरले. टीव्ही चालू असला की आपण गप्प बसतो, एवढाच याचा अर्थ. बोलायला शिकणाऱ्या बाळाला हीच गोष्ट महागात पडते.

‘पण टीव्हीतूनही शब्दच कानावर पडतात ना?’ दोन वर्षांच्या आतल्या बाळाला त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. सिअ‍ॅटलमध्ये २००३ साली ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवण्याचा प्रयोग झाला. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून पुस्तकं वाचायची, खेळायची. काहींना तेच सगळं व्हिडिओवर दाखवलं. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता येऊ लागला. व्हिडिओवाल्या बाळांच्या पदरात काही पडलं नाही. बाळाला इंग्रजी यावं म्हणून दिवसभर इंग्रजी बडबडगीतं लावून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्यापेक्षा भाजी निवडताना ‘ही बघ गवार, ही मोडली कट्‌कन’ असं तुमच्या घरच्या भाषेत बोललात तर जास्त कामी येईल.

करायचं एवढंच: खोलीतून उठणाऱ्याने टीव्ही बंद करून उठायचं. ज्यांना घर गप्प असलेलं सोसत नाही त्यांनी रेडिओवर हळू आवाजात गाणी लावावीत. बातम्या ठरलेल्या वेळी, अर्धा तास, बसून बघाव्यात.

पायरी ३: जेवणाचा टीव्ही

ही पायरी सगळ्यात अवघड. इथे आठवडा-पंधरा दिवस लागतील असं गृहीत धरा.

टीव्हीसमोर मूल आ वासून बसतं आणि आई घास सारत जाते. दहा मिनिटांत वाटी रिकामी. पण त्या मुलाला आपण काय खाल्लं, पोट कधी भरलं, याचा पत्ता नसतो. कुणी जास्त खातं, तर कुणी गालात घास धरून अर्धा तास बसून राहतं, कारण चावायचं भानच नसतं. चव, वास, हाताला लागणारा भाताचा ओलेपणा, सगळंच हुकतं. आणि चार वर्षांचं झालं तरी मूल स्वतःच्या हाताने जेवत नाही.

सोडवायचं असं. आधी दिवसातलं एकच जेवण निवडा, आणि ते रात्रीचं नको. रात्री मूल पेंगुळलेलं असतं, आपणही दमलेलो असतो. दोघांचा धीर लवकर सुटतो. मूल खेळून आल्यावर खरोखर भुकेलेलं असतं ते जेवण निवडा. त्याच्या दोन तास आधी बिस्किट, दूध, फरसाण काही नाही. दोन-तीन वर्षांची कितीतरी मुलं दिवसाला अर्धा-पाऊण लिटर दुधावर असतात आणि ‘जेवतच नाही’ म्हणून टीव्ही लावला जातो. तिथे औषध टीव्हीवर करायचं नसून दुधावर करायचं आहे.

मग सगळे एकत्र बसा, जमिनीवर किंवा टेबलाशी. मुलाला त्याचं ताट द्या आणि त्यात थोडंच वाढा: दोन चमचे वरण-भात, पोळीचा चतकोर, काकडीच्या दोन फोडी. आपणही जेवत असलं पाहिजे. ताट रिकामं ठेवून समोर नुसतं ‘खा, खा’ करत बसलेली आई म्हणजे मुलाच्या दृष्टीने पोलीसच. सांडू द्या, खाली वर्तमानपत्र घाला. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट उचला, न रागावता. ‘झालं? बरं, हात धुऊ या.’ नंतर लगेच दूध किंवा बिस्किट द्यायचं नाही, पुढचं खाणं त्याच्या वेळेलाच.

दुसऱ्या दिवशी घरात हमखास आवाज येईल: ‘पोर उपाशी झोपलं हो!’ पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. निरोगी मूल एका जेवणाला कमी पडलेलं पुढच्या दिवसांत भरून काढतं, त्यामुळे हिशेब ताटाचा न करता आठवड्याचा करा. मूल आजारी असेल, वजन कमी भरत असेल किंवा डॉक्टरांनी आहार बांधून दिला असेल, तर मात्र त्यांना विचारूनच हे सुरू करा.

एक जेवण मार्गी लागलं की दुसरं घ्या. टीव्हीच्या जागी मोबाइल देऊ नका, आणि वाटी घेऊन जिन्यावरून मुलामागे धावणंही नको.

पायरी ४: संध्याकाळची मालिका

लेख वाचून सून आवेशाने उठते आणि सासूबाईंच्या मालिकेवर घाव घालते. असं करू नका. ज्या आजीने दिवसभर नातवंड सांभाळलं तिची संध्याकाळची दोन तासांची करमणूक तिच्या हक्काची आहे. प्रश्न फक्त वेळेचा आणि खोलीचा आहे.

बोलायचं ते नवऱ्याने आपल्या आईशी बोलावं, बायकोला पुढे करू नये. आणि बोलताना पर्याय हातात असावा: ‘आई, तुझी साडेसातची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागते, मोबाइलच्या अ‍ॅपवरही येते. दुपारी पोरगी झोपलेली असते, तेव्हा निवांत बघशील का? मी लावून देत जाईन.’ अ‍ॅप लावून देण्याचं काम खरंच रोज करायचं, निदान आजी शिकेपर्यंत. ज्या एका मालिकेसाठी जीव तुटतो ती रात्री मूल झोपल्यावर बघता येते. आजीच्या खोलीत वेगळा टीव्ही घेणं हाही तोडगा आहे, फक्त मूल तिच्याच कुशीत झोपत असेल तर तो बाद.

एका घराला जमत नाही ते कधी गावाला जमतं. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की टीव्ही, मोबाइल बंद; साडेआठला दुसरा भोंगा. कोरोनाच्या काळात मुलांच्या हाती मोबाइल आले ते सुटेनात, म्हणून हा ठराव झाला. गावातल्या महिला सभेत तो मांडला गेला आणि सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका घरोघरी फिरून समजावत होत्या. मला यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो तो दीड तासाची मर्यादा. कुणालाही टीव्ही सोडायला सांगितलं नाही, आणि शेजारच्या घरातून मालिकेचं शीर्षकगीत ऐकू येत नसलं की आपल्या घरात बंद ठेवणं सोपं जातं. सोसायटीत, वाड्यात, चाळीत पाच-सहा घरांनी मिळून हे करून बघण्यासारखं आहे. सुरुवातीला साडेसात ते साडेआठ एवढंही पुरे.

पायरी ५: झोपेआधीचा तास

इथे फार लिहिण्यासारखं नाही. झोपायच्या खोलीत टीव्ही नको, असेल तर हलवा. झोपण्याच्या तासभर आधी स्क्रीन बंद. १ ते २ वर्षांच्या बाळाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप लागते आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. सकाळी सातला उठवायचं असेल आणि मूल दुपारी झोपत नसेल, तर त्याला नऊच्या आत अंथरुणात असायला हवं. सोफ्यावर झोपलेलं मूल उचलून आत नेण्याची सवय मोडा. त्याने जागेपणी अंथरुणावर जायचं.

पायरी ६: आता तास मोजा

अमेरिकेतल्या सॅन होजे शहरात १९९६-९७ च्या शालेय वर्षात तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. एका शाळेत नेहमीच्या शिक्षकांनीच टीव्ही कमी करण्याचे १८ पाठ घेतले, तर दुसरी शाळा तुलनेसाठी होती. आधी १० दिवस टीव्ही आणि व्हिडिओ गेम पूर्ण बंद, नंतर आठवड्याला ७ तासांचं ‘बजेट’. आहाराचं किंवा व्यायामाचं वेगळं काही शिकवलं नव्हतं. तरी वर्षअखेर या शाळेतल्या मुलांच्या अंगावरची चरबी दुसऱ्या शाळेच्या तुलनेत कमी वाढली, टीव्हीसमोरची जेवणं कमी झाली, आक्रमकपणा कमी झाला आणि आई-बाबांकडे खेळण्यांचा हट्टही घटला.

मला ही पद्धत आवडते, कारण खर्चाचा निर्णय मुलाच्या हातात राहतो. आपल्याकडे ती अशी बसवता येईल.

आधी दहा दिवसांची सुट्टी. मुहूर्त नीट निवडा. क्रिकेटच्या हंगामात किंवा दिवाळीच्या सुट्टीत मुलं दिवसभर घरी असताना सुरुवात केली तर फसेल. मला विचाराल तर गणपतीचे दिवस फार सोयीचे. घरात माणसं, संध्याकाळी आरती, मांडवात मुलांची धावपळ. टीव्हीची आठवण निम्म्याने कमी होते. या दहा दिवसांत मोठ्यांनीही मुलांदेखत टीव्ही लावायचा नाही.

मग चिठ्ठ्या. अर्ध्या तासाची एक, अशा आठवड्याच्या १४ चिठ्ठ्या एका डबीत. सोमवारी सकाळी डबी भरायची. टीव्ही लावताना मूल एक चिठ्ठी काढून देतं. बुधवारी डबी रिकामी झाली तर रविवारपर्यंत टीव्ही नाही, पुढच्या आठवड्याची उचल मिळत नाही. पहिल्या आठवड्यात हे घडणारच. आजोबा गुपचूप एखादी चिठ्ठी टाकतील, त्यांनाही आधी विश्वासात घ्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना आठवड्याचा हिशेब कळत नाही, त्यांना रोजच्या दोनच चिठ्ठ्या द्या. मोबाइलवरचे व्हिडिओही याच डबीतून.

टीव्ही बंद करताना घड्याळ बघू नका, गोष्ट कुठे संपते ते बघा. भाग संपायला पाच मिनिटं असताना मधेच बंद केलात तर मोठं माणूसही चिडेल. ‘हा भाग संपला की तू बटण दाब’ असं आधी सांगायचं आणि बटण त्यालाच दाबू द्यायचं. दूरदर्शनच्या काळी हे कष्ट नव्हते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तेव्हा आणि पुढे कितीतरी वर्षं कार्यक्रम ठरलेल्या वेळी सुरू होत आणि संपत. ‘किलबिल’ संपलं की संपलं, मग पुढच्या आठवड्यापर्यंत वाट बघायची. आता पडदा स्वतःहून थांबत नाही. एक भाग संपायच्या आत दुसरा सुरू होतो. म्हणून स्मार्ट टीव्हीवर आणि प्रत्येक अ‍ॅपमध्ये ‘ऑटोप्ले’ बंद करा. मुलाचं वेगळं प्रोफाइल उघडा आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा. यूट्यूब किड्समध्ये वेळ लावून ठेवायची आणि शोध बंद करायची सोय आहे. सेट टॉप बॉक्सलाही वाहिनीवार कुलूप लावता येतं, त्याचा पिन विक्रेत्याने दिलेला तसाच ठेवू नका.

‘कंटाळा आला’ ही तक्रार आठवडाभर ऐकावी लागेल. तिला उत्तर द्यायची घाई करू नका, पण हाताशी सामान असू द्या: कणकेचा गोळा, खडू, चिंचोके, पत्ते, जुन्या लग्नपत्रिका आणि बोथट कात्री. आणि घरातली कामं. चार वर्षांचं मूल मटारच्या शेंगा सोलतं, रुमालांच्या घड्या घालतं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करतं. अर्धे मटार तोंडात जातात, ते हिशेबात धरा.

पायरी ७: काय बघायचं आणि कसं

आता जो तास उरला तो चांगला जावा. स्टॅनफर्डमधले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९६१ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बडवताना पाहिलेली मुलं एकटी सोडल्यावर तसंच बडवतात, तेही त्याच शब्दांत आणि त्याच हातोडीने. १९६३ मध्ये त्यांनी तेच दृश्य चित्रपटावर दाखवलं, तर मुलांनी तितकीच नक्कल केली. आपल्याकडे १९९७ ला ‘शक्तिमान’ सुरू झालं आणि मुलं गिरक्या घेऊ लागली. पुढे भागाच्या शेवटी शक्तिमानलाच येऊन मुलांना चार गोष्टी समजावून सांगाव्या लागल्या. त्यामुळे कार्टून आहे म्हणजे निर्धोक, असं धरू नका. पहिले दोन भाग स्वतः बघा. कुणी कुणाला मारल्यावर त्याला दुखतं का? की लोळत जाऊन तो लगेच उठतो आणि सगळे हसतात? दुखणंच न दाखवणारी मारामारी लहान मुलांसाठी जास्त फसवी.

वेगही बघा. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या २०११ च्या प्रयोगात ४ वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकाने ९ मिनिटं भरधाव कार्टून बघितलं, दुसऱ्याने संथ, बोधपर कार्टून आणि तिसऱ्याने कागदावर चित्रं काढली. लगेच घेतलेल्या चाचण्यांत, म्हणजे थांबणं, सूचना लक्षात ठेवणं, मोह आवरणं यांत, पहिला गट मागे पडला. हा परिणाम कायमचा असतो असं यातून सिद्ध होत नाही. पण अभ्यासाला बसवण्याच्या पाच मिनिटं आधी असलं कार्टून दाखवू नये, इतकं नक्की.

शक्य तेव्हा शेजारी बसा. सतत प्रश्न विचारून बेजार करू नका, एखादाच पुरे: ‘आता तो खोटं का बोलला असेल?’ हिंदीत डब केलेली कार्टून बघून मुलं ‘मुझे बचाओ’ छाप हिंदी बोलू लागतात, त्याने भाषा बिघडत नाही. त्याच गोष्टीवर तुम्ही मराठीत गप्पा मारा म्हणजे झालं.

जाहिरातींबद्दल एक बारकावा. साधारण आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला बघते आहे हे उमगत नाही. त्यांना ती माहितीच वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या नियमांनुसार चिप्स, शीतपेयं अशा जंक फूडच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमांत आणि मुलांच्या वाहिन्यांवर दाखवायला मनाई आहे. पण मुलं क्रिकेट आणि गाण्याच्या स्पर्धाही बघतात, आणि तिथे ही मनाई लागू नाही. मॅच बघताना जाहिरातीला आवाज बंद करायचा आणि ‘हे आपल्याला काय विकतायत?’ हा खेळ खेळायचा. सहा-सात वर्षांची मुलं यात भलतीच तरबेज होतात.

ओटीटीवर २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का असतो: यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए. तो बघायची सवय लावा. वृत्तवाहिन्यांवर असा शिक्का नसतो. अपघाताचं, पुराचं एकच दृश्य दिवसभर फिरत राहतं आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला दर वेळी नवी इमारत कोसळली असं वाटू शकतं. मोठी दुर्घटना घडली की लहान मुलं जागी असताना बातम्या वाचा, बघू नका.

डोळे, खोली, भिंत

‘जवळून बघू नकोस, डोळे जातील!’ ही ओरड अर्धवट खरी. टीव्ही मोबाइलपेक्षा लांब असतो, त्यामुळे डोळ्यांच्या दृष्टीने तो दोहोंतला बरा. मूल सारखं पडद्याला चिकटत असेल तर कदाचित त्याला लांबचं दिसतच नसेल. नंबर तपासून घ्या. चष्म्याचा नंबर येणं लांबवायला दिवसाउजेडी मैदानावर घालवलेला वेळ उपयोगी पडतो. तैवानने तर २०१० पासून शाळांमध्ये रोज दोन तास बाहेर असा कार्यक्रमच राबवला.

खोलीत अंधार करून टीव्ही बघू नये. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये ‘पोकेमॉन’च्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाची वेगाने उघडझाप झाली आणि ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं; काहींना फिट आली होती. घरात फिटचा त्रास असलेलं मूल असेल तर लखलखाट असलेले कार्यक्रम टाळाच. आणि मूल उभं राहायला लागलं की टेबलावर नुसता ठेवलेला टीव्ही भिंतीला पक्का करा, वायर मागे घ्या.

डॉक्टरांकडे कधी जायचं

टीव्ही बघून ऑटिझम होतो, असं समाजमाध्यमांवर बिनदिक्कत सांगितलं जातं. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला, बहुतेक जन्मापासूनचा फरक आहे, आणि काही मुलांना पडदा जास्त खेचतो म्हणून तीच टीव्हीसमोर जास्त दिसतात. तेव्हा ‘टीव्हीमुळेच झालं’ म्हणून आईला दोष देऊ नका, आणि ‘टीव्ही बंद केला की बोलेल’ म्हणून थांबूही नका. वर्षाचं होऊन हाक मारल्यावर वळून बघत नाही, दीड वर्षाचं होऊन एकही शब्द किंवा बोटाने दाखवणं नाही, दोन वर्षांचं होऊन ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडी नाही, किंवा येत असलेलं बोलणं कुठल्याही वयात मागे गेलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टीव्ही त्याच वेळी कमी करा, तपासणी मात्र पुढे ढकलू नका.

खाजगी तपासण्या परवडत नसतील तर अंगणवाडीत विचारा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत तपासणीला येतात आणि गरज असेल त्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे तपासणी आणि उपचार मोफत असतात. पहिल्या भेटीत मुलाच्या कानांची तपासणी करून घ्यायला सांगा. टीव्हीचा आवाज सारखा वाढवणाऱ्या आणि उशिरा बोलणाऱ्या मुलाला कधीकधी नीट ऐकूच येत नसतं.